धाडस मोजणारं नाणं

तुमच्यासमोर सहा पर्याय ठेवले आहेत. पहिल्यात काही भानगडच नाही : नाणं उडवा, छापा पडो की काटा, ५० रुपये तुमचे. दुसऱ्यात एका बाजूला ४५ रुपये, दुसऱ्या बाजूला ९५. तिसऱ्यात ४० किंवा १२०. चौथ्यात ३० किंवा १५०. पाचव्यात १० किंवा १९०. आणि सहाव्यात एक तर हात हलवत घरी, नाहीतर थेट २००. पैसे खरे आहेत, जिंकाल ते रोख मिळतील, स्वतःच्या खिशातलं काही घालायचं नाही. कुठला घ्याल?

आज दोनशे रुपयांत दोन माणसांचं धड जेवणही होत नाही. पण हा खेळ सत्तरच्या दशकात सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांमध्ये मांडला गेला, तेव्हा त्यातली सर्वांत मोठी रक्कम अकुशल मजुराच्या महिन्याच्या मिळकतीपेक्षा जास्त होती. महिनाभराची मजुरी एका नाण्यावर! आणि एवढ्याशा खेळातून जे उत्तर निघालं, ते वाचताना आजही चकित व्हायला होतं.

खेळ मांडणाऱ्याचं नाव हान्स बिन्सवांगर. जन्म १९४३चा, मूळ स्वित्झर्लंडचा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला हा तरुण अर्थतज्ज्ञ हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आला. १९७२ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पिकं म्हणजे ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग. पाऊस वेळेवर आला तर घर भरणारी, नाहीतर बियाण्याचेही पैसे न निघू देणारी. संस्थेतले शास्त्रज्ञ नवी वाणं काढत होते. पण ती पेरणार कोण? नव्या बियाण्याला खत लागतं, खताला पैसा लागतो आणि पाऊस काही कुणाचा सालगडी नव्हे. त्या काळात एक समज चांगलाच रुजलेला होता : गरीब शेतकरी मुळात भित्रा, म्हणून मागे राहतो, मोठा शेतकरी धाडसी, म्हणून पुढे जातो. हे खरं असेल तर उपाय शेतकऱ्याच्या डोक्यात करायला हवा. खोटं असेल तर उपाय भलतीकडेच शोधायला हवा. आता हे ठरवायचं तर धाडस मोजावं लागणार, आणि ते मोजायचं कशानं?

प्रश्न जुनाच होता. १७३८ साली गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यानं सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीसाठी लिहिलेल्या एका निबंधात एक व्यापारी येतो. त्यानं ॲमस्टरडॅमला माल घेतलाय, तो पीटर्सबर्गला १०,००० रूबलला विकला जाईल. पण त्या दिवसांत शंभरातली पाच जहाजं बुडतात. म्हणजे सरासरी नुकसान ५०० रूबलचं, आणि विमेवाला मागतोय ८००. उघड उघड महाग. तरी व्यापाऱ्यानं विमा घ्यावा का? बर्नुलीचं उत्तर असं : ते त्याच्या बाकीच्या संपत्तीवर अवलंबून आहे. ती ५,०४३ रूबलपेक्षा कमी असेल तर घ्यावा, जास्त असेल तर घेऊ नये. आणि हाच धोका अंगावर घ्यायला निघालेल्या विमेवाल्याजवळ किमान १४,२४३ रूबल असावेत! जहाज तेच, वादळ तेच; पण शंभर रूबल गमावण्याचं दुःख गरिबाला मोठं आणि सावकाराला किरकोळ, म्हणून एकाला शहाणपणाचा वाटणारा सौदा दुसऱ्याला मूर्खपणाचा. अर्थशास्त्रातला जोखमीचा सगळा विचार या कल्पनेवर उभा राहिला. त्यातून निघणारा निष्कर्ष सरळ होता : माणूस जितका श्रीमंत तितका तो जोखमीला कमी घाबरणार.

हे तपासायला बिन्सवांगर यांना तयार मैदान मिळालं. इक्रिसॅटनं १९७५ साली सहा गावांचा बारकाईनं अभ्यास सुरू केला होता. त्यांतली चार गावं महाराष्ट्रातली : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेड. उरलेली दोन, औरेपल्ली आणि दोकूर, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावातून ४० कुटुंबं निवडली : दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान, दहा मध्यम आणि दहा मोठ्या शेतकऱ्यांची. गावातच राहणारे, तिथलीच भाषा बोलणारे, शेती-अर्थशास्त्र शिकलेले अन्वेषक घरोघरी जाऊन काय पेरलं, किती मजुरी मिळाली, बैल कधी विकला, कुणाकडून हातउसने घेतले याची नोंद ठेवत. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ताजा होता. जोखीम म्हणजे काय हे या लोकांना पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

बिन्सवांगर यांनी या २४० कुटुंबांत दोन पद्धती वापरल्या. पहिली त्या काळी रूढ असलेली, तोंडी प्रश्नांची : एका बाजूला ठरलेलं उत्पन्न, दुसऱ्या बाजूला कधी जास्त कधी कमी येणारं, सांगा, तुम्ही काय पसंत कराल? पैसा कुणाला मिळणार नव्हता, नुसतं उत्तर द्यायचं होतं. ही पद्धत साफ आपटली. उत्तर माणसापेक्षा विचारणाऱ्यावर अवलंबून निघालं. अन्वेषकाच्या कलानं उत्तरांचाही कल बदलायचा. आणि पुढे खऱ्या पैशांवर त्याच लोकांनी जे केलं, त्याच्याशी या उत्तरांचा काही मेळच बसेना. माणूस 'मी असं करीन' म्हणतो आणि करतो वेगळंच, हे आपण सगळे जाणतो. पण जोखमीच्या अभ्यासाचा केवढा तरी डोलारा अशाच तोंडी उत्तरांवर उभा होता, म्हणून ही गोष्ट आकड्यांनिशी समोर येणं महत्त्वाचं होतं.

दुसरी पद्धत म्हणजे नाण्याचा खेळ. त्यात कुणालाही पदरचा पैसा लावायचा नव्हता. गरिबाच्या घरातून पैसा काढून घेणारा प्रयोग नैतिकदृष्ट्या करताच आला नसता. वाईटात वाईट म्हणजे शून्य. खेळ एकाच बैठकीत उरकलेला नव्हता. तो काही आठवड्यांत पसरलेला होता, आणि विचार करायला वेळ मिळे. सुरुवात चिल्लरीनं : सुरक्षित पर्याय ५० पैशांचा, सर्वांत धाडसी पर्यायात शून्य किंवा दोन रुपये. मग सगळं दसपट, म्हणजे पाच रुपयांचा खेळ. मग आणखी दसपट, ५० रुपयांचा. शेवटी ५०० रुपयांचाही प्रश्न विचारला गेला, पण तो फक्त तोंडी.

आता या पर्यायांची रचना जरा जवळून पाहा, कारण खरी करामत तिथे आहे. ५० रुपयांच्या खेळात पहिल्यावरून दुसऱ्यावर गेलात तर वाईट दिवशी ५ रुपये कमी मिळतात, चांगल्या दिवशी ४५ जास्त. म्हणजे एक सोडायचा आणि नऊ मिळवायचे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ५ सोडून २५, म्हणजे एकास पाच. तिसऱ्यावरून चौथ्यावर १० सोडून ३०, एकास तीन. चौथ्यावरून पाचव्यावर २० सोडून ४०, एकास दोन. आणि पाचव्यावरून सहाव्यावर १० सोडून १०, बरोबरीचा सौदा. सरासरी काढली तर पहिल्याची ५०, मग ७०, ८०, ९०, १०० आणि सहाव्याचीही १००. म्हणजे सहावा निवडणाऱ्याला जास्तीच्या धोक्याचा मोबदला म्हणून एक पैसाही मिळत नाही. त्याला खेळण्याचीच हौस आहे म्हणायचं. यादीत आणखी दोन पर्याय मिसळलेले होते, ज्यांची सरासरी वाढत नाही पण चढउतार मात्र वाढतो. माणूस जिथे थांबतो, तिथे त्याच्या धाडसाची किंमत लिहिलेली असते. एक नाणं, एक यादी, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही मनातला जोखमीचा भाव आकड्यात उतरतो.

निकाल काय आला? चिल्लरीच्या खेळात लोक सगळीकडे विखुरले. काहींनी सुरक्षित खेळ केला, बऱ्याच जणांनी सरळ दोन रुपयांवर उडी घेतली. दोन रुपयांत जातंय काय! पण रक्कम वाढत गेली तशी ही पांगापांग मिटू लागली. ५० रुपयांच्या खेळात बहुतेक सगळे यादीच्या मध्यावर, तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाशी येऊन थांबले. एकास पाच मिळत असतील तर धोका घेऊ, एकास तीन मिळत असतील तर विचार करू, एकास दोनसाठी मात्र नको. पहिल्या पर्यायाला चिकटून बसणारे अगदी मोजके. भित्रे शेतकरी शोधायला गेलेल्या माणसाला भित्रे जवळपास सापडलेच नाहीत!

त्याहून मोठा धक्का पुढे होता. बिन्सवांगर यांनी हे निकाल जमीन, संपत्ती, शिक्षण, वय अशा सगळ्या गोष्टींशी ताडून पाहिले. भूमिहीन मजूर आणि गावातला मोठा शेतकरी यांच्या निवडीत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. संपत्तीमुळे धाडस किंचित वाढल्यासारखं दिसत होतं, पण इतकं किंचित की संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते टिकेना. आधीच्या खेळांत ज्यांचं नशीब फळफळलं होतं ते पुढच्या वेळी जरा जास्त हात सैल सोडत, एवढं मात्र दिसलं. बाकी जवळजवळ सगळे सारखेच : बेतानं सावध, विचारानं धाडसी. १९८० साली हा निबंध अमेरिकेच्या कृषी अर्थशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात छापून आला. खऱ्या आणि मोठ्या रकमांवर लोकांची जोखीमवृत्ती मोजण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते, आणि पुढे देशोदेशीच्या संशोधकांनी ती पर्यायांची यादी थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा वापरली.

वर्षभरानं लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी बर्नुलीच्या परंपरेलाच हात घातला. त्या परंपरेनुसार माणूस प्रत्येक निर्णय आपली सगळी मालमत्ता डोळ्यांपुढे ठेवून घेतो : इतकी जमीन, इतके बैल, त्यात हे ५० रुपये. खेळातल्या निवडी तसं सांगत नव्हत्या. लोक समोरच्या खेळाचा विचार त्या खेळापुरता करत होते. डॅनिएल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांचा प्रसिद्ध निबंध १९७९चा. माणूस एकूण संपत्ती मोजत नाही, आत्ताच्या जागेवरून मिळकत आणि तोटा मोजतो, असं तेही त्याच सुमारास सांगत होते. पुढे २००० साली मॅथ्यू रॅबिन यानं गणितानं दाखवून दिलं की जुना सिद्धांत शब्दशः धरला तर काय अनर्थ होतो. शंभर डॉलर हरण्याची किंवा ११० जिंकण्याची समसमान संधी जो माणूस, त्याच्याजवळ कितीही पैसा असला तरी, नाकारतो, त्यानं हजार डॉलर हरण्याच्या समसमान भीतीपोटी समोर कितीही संपत्ती ठेवली तरी ती नाकारायला हवी! असा माणूस जगात कुठे असतो? शिरापूर-कळमणात नव्हता, हे नाण्यानं आधीच सांगितलं होतं.

मग शेतात फरक का दिसतो? मोठा शेतकरी नवं बियाणं लवकर घेतो, लहान थांबतो, हे तर कुणीही डोळ्यांनी पाहू शकतं. मन सारखंच असेल तर हात वेगळे का चालतात? उत्तर शोधायला बिन्सवांगर यांनी अर्थतज्ज्ञ मार्क रोझेनझ्वाइग यांच्याबरोबर त्याच गावांच्या नोंदी उलगडल्या. त्यांनी निवडलेला धोका आपल्या रोजच्या बोलण्यातला : पाऊस कधी लागणार? मृगात, आर्द्रात की त्याहून उशिरा? जिथे पावसाच्या आगमनाची तारीख जास्त डळमळीत, तिथे कोण काय करतं? १९९३ साली आलेलं उत्तर असं : ही अनिश्चितता एका प्रमाण विचलनानं, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या एका मापानं, वाढली की सर्वांत गरीब पाव हिश्श्यातल्या शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांनी घटतो. मधल्या शेतकऱ्याचा सुमारे १५ टक्क्यांनी. आणि सर्वांत श्रीमंतांचा? जवळजवळ घटतच नाही.

ही घट पीक बुडाल्यामुळे होणारी नव्हे, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. पीक बुडू नये म्हणून केलेल्या सावधगिरीची ती किंमत आहे. हातात शिल्लक नाही, सावकाराशिवाय कुणी उभं करणार नाही, म्हणून लहान शेतकरी कमी पिकणारं पण हमखास पिकणारं पेरतो, खत आखडतं घेतो, जिथे नफा जास्त पण धोकाही जास्त तिथे पैसा घालत नाही. श्रीमंताचं एक वर्ष वाया गेलं तर तो पुढच्या वर्षावर ढकलतो. गरिबाला पुढचं वर्ष उधार मिळत नाही. नाण्याच्या खेळात दोघांनाही हरण्याची भीती नव्हती, म्हणून दोघे सारखे वागले. शेतात एकाच्या पायाखाली जमीन आहे, दुसऱ्याच्या नाही. बर्नुली मनाबद्दल चुकला असेल, पण शेताच्या बांधावर त्याचा व्यापारी अजून उभा आहे.

या सहा गावांच्या नोंदींतून पुढे इतक्या जणांनी इतकं काढलं, की जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत शिरापूर आणि कंझरा ही नावं घेतली जातात. दुष्काळात बैल विकणं आणि बरं वर्ष आलं की पुन्हा घेणं, ही दावणीला बांधलेली बचत आहे, हे रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी दाखवलं. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांच्या १९८९च्या निबंधातली गोष्ट तर आपल्या घराघरातली आहे. लेक दूरच्या गावी दिली की दोन घरांवर पाऊस एकाच वेळी रुसत नाही. एकीकडे कोरडं पडलं तर दुसरीकडून मदत येते. ज्यांच्या उत्पन्नात चढउतार जास्त, ती घरं सोयरीक लांबवर जोडण्याकडे झुकतात आणि अशा घरांचं खाणंपिणं वाईट वर्षातही कमी हेलकावतं. रॉबर्ट टाउनसेंड यानं १९९४ साली दाखवलं, की एका घराची मिळकत बुडाली तरी त्या घरातला खर्च बराचसा गावाच्या सरासरीबरोबर चालतो. हातउसने, उचल, भाऊबंदकी असं सगळं मिळून गावानं स्वतःचा विमा उभारलेला असतो. तो पुरता नाही, आणि भूमिहीनांना त्यातलं कमी वाट्याला येतं. पण कुणी कागद न लिहिता तो चालत आलाय.

मात्र या विम्याला एक भगदाड आहे. एकाचा बैल मेला तर शेजारी धावतो. अख्ख्या तालुक्यात पाऊस पडला नाही तर धावायचं कुणी? बिन्सवांगर आणि रोझेनझ्वाइग यांनी १९८६ साली नेमकं हेच मांडलं : शेतीतला धोका सगळ्यांवर एकदम कोसळतो, म्हणून गावातली पतपेढी असो की विमा, दोन्ही ऐन गरजेला कोलमडतात. धोका गावाबाहेर नेल्याशिवाय इलाज नाही.

आणि तो बाहेर नेण्याचा मार्ग पुण्यात सुचवला गेला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली पीक विम्यावर एक निबंध लिहिला. त्याआधी गुजरातमध्ये एच-४ कापसावर सुरू झालेली योजना एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजून भरपाई देत होती. शेवटी हिशेब लागला तो असा : हप्ते जमा झाले साडेचार लाखांच्या आसपास, भरपाई द्यावी लागली सुमारे ३८ लाख. कोणाचं पीक पावसानं गेलं आणि कोणाचं निष्काळजीपणानं, हे शेतोशेती ठरवणं अशक्य होतं. दांडेकरांचा तोडगा असा की शेत मोजायचंच नाही, परिसर मोजायचा. पीक कापणी प्रयोगातून परिसराचं सरासरी उत्पन्न काढा. ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर तिथल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. मग स्वतःच्या शेतात कसूर करून कुणाचाच फायदा नाही. १९७९ची प्रायोगिक योजना, १९८५ची सर्वंकष पीक विमा योजना आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, तिघींचा पाया हाच. आज महसूल मंडळाच्या उंबरठा उत्पन्नावरून गावागावांत जे वाद झडतात, त्यांचं मूळही इथेच : मंडळाची सरासरी ठीक निघाली आणि माझंच शेत बुडालं, तर माझं काय?

दुसरा मार्ग महाराष्ट्रानं कायद्यानंच घातला. १९७७चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पीक गेलं तरी मागितलं की काम, आणि कामाला मजुरी. इक्रिसॅटच्या नोंदी तपासणाऱ्यांना दिसलं, की हमीची कामं उपलब्ध असलेल्या महाराष्ट्रातल्या गावांत भूमिहीनांच्या मिळकतीतला चढउतार, हमी नसलेल्या औरेपल्लीपेक्षा बराच कमी होता.

बिन्सवांगर १९८० साली जागतिक बँकेत गेले. जमीन सुधारणा, गावांच्या हाती निधी देणं हे त्यांचे पुढचे विषय. नंतर दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्यावर प्रिटोरिया विद्यापीठाशी प्राध्यापक म्हणून त्यांचं नातं जडलं. २०१७ साली त्यांचं निधन झालं. आयुष्यभर त्यांच्या कामाचा रोख एकच राहिला : माणसाला धाडस शिकवत बसू नका, त्याच्या पाठीशी काय उभं आहे ते पाहा.

कोरडवाहू शेतकरी नवं काही करायला तयार नसतो, असं पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा : पीक गेलं तर त्याला पुढच्या पेरणीला कर्ज कोण देणार, आणि भरपाई किती दिवसांत मिळणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत शेतकऱ्याच्या हिमतीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.